अळी काही सापडेना

आमच्या नांदेडच्या घरामागं चार हातांचं अंगण आहे. शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवला आणि तिथलं ऊन कायमचं गेलं. तुळस गेली, मोगरा गेला, कढीपत्त्यानं मान टाकली. वाढायचं ते फक्त शेवाळ आणि माझी चिडचिड. शेवटी नर्सरीवाल्यानं एक रोप हातात दिलं. म्हणाला, "ताई, याला सावलीच मानवते. फिलोडेंड्रॉन." नवऱ्यानं त्याच दिवशी त्याचं बारसं केलं: फलाना-दांडा.

दोन वर्षांत फलाना-दांडा असा काही माजला म्हणता! सुपाएवढी पानं, बारा महिने हिरवीगार. पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला मागच्या दारी न्यायचे. पाहुणे कंटाळायचे, मी नाही.

अशात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. दोन महिने रोज व्यायामाला आणा, नाहीतर पाय ताठच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं. गाव कंधारकडं, रोज एसटीनं येणं शक्यच नव्हतं. म्हणजे मुक्काम माझ्याकडं. आणि अण्णा तर लेकीच्या घरचं पाणी पितानाही दहादा विचार करणारे! भावाकडून घरची ज्वारी मागवून घेतली, आणि त्या अर्ध्या पोत्यासकट माझ्या उंबऱ्यात उभे राहिले.

"ही सरली की म्या निघालो बाई," चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

मी पोतं स्वयंपाकघरात नेऊन दाणकन आपटलं. पाय ताठ, माणूस त्याहून ताठ. रोज सकाळी ते गावी निघायला कपड्यांची पिशवी भरायचे, रोज दुपारी मी ती रिकामी करायचे. रात्री झोप लागेना मला. हा माणूस हट्टापायी लंगडाच घरी जाणार, एवढंच डोक्यात घुमायचं.

पाचव्या दिवशी मागून आरोळी आली. "बाई! हिकडं ये! अळी पडली!"

धावत गेले. फलाना-दांड्याच्या नव्या पानांच्या कडा पार आतपर्यंत कातरलेल्या. जुनी पानं अखंड, नवी सगळी खाल्लेली. अण्णा वॉकर टेकून जिल्ह्याचे कृषी अधिकारी असल्यासारखे उभे.

"सोयाबीनवरली उंटअळी न्हाई ही. ती मधी भोकं पाडती. ही काठावरनं खाऊन राहिली."

मी घरात येऊन नर्सरीवाल्याला फोन लावला. तो खो खो हसला. "ताई, अळी कुठली? झाड मोठं झालं की त्याची पानं अशीच कातरलेली येतात. जातच आहे त्याची!"

हे सांगायला मी तशीच मागं पळाले आणि दारात थांबले. अण्णा स्टुलावर बसले होते. हातात बॅटरी, एकेक पान उलटून शोध चाललेला. आणि व्यायामाच्या बाईंनी चार दिवस विनवण्या करूनही जो गुडघा वाकला नव्हता, तो छान वाकलेला होता. त्यांना पत्ताच नव्हता.

मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच, असं नवरा म्हणतो.

मग काय विचारता! निंबोळ्या आल्या, कुटल्या गेल्या, रात्रभर भिजल्या. अर्कात माझा भांड्यांचा साबण पडला. दर रविवारी फवारणी. अण्णा रोज सकाळी तपासणीचा अहवाल द्यायचे. "लेंडी न्हाई, जाळं न्हाई, अळी न्हाई, अन् पान खाल्लेलं! लई हुशार हाय." मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसायचे. नवरा तर एकदा विचारून बसला, "अण्णा, अळी सुट्टीला गेली असेल का?" मी त्याला असा चिमटा काढला की बिचारा चहा सांडून बसला.

एके दिवशी नवी सुरळी उलगडली, तीही कातरलेलीच. अण्णा खालीच बसायचे बाकी होते. "गर्भातच खाल्लं गं हे!" त्या गडबडीत अण्णांच्या पोत्यातली ज्वारी संपली. मी दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी वाढल्या. अण्णांनी तीन खाल्ल्या आणि कडवट असल्याची तक्रार केली. मला नाचावंसं वाटलं.

दोन महिने भरले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, पाठ थोपटली, म्हणाले, आता खुशाल गावी जा. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पुरता नाही.

त्याच संध्याकाळी नर्सरीवाला शेणखत टाकायला आला. मी भाकरी थापत होते. मागून त्याचा मोठा आवाज आला, "काका, कशाला फवारून राहिलात? रोग न्हाई ह्याला. ताईला मी तवाच सांगितलं होतं की फोनवर!"

पीठ हातातच राहिलं. खत टाकून तो गेला. आता अण्णा पिशवी भरणार आणि वर दोन महिने बापाला बनवलं म्हणून कायमचे रुसणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. भाऊ होता. तो फोनवर नेहमीच ओरडून बोलतो, त्यामुळं मलाही ऐकू आलं. उद्या सकाळी गाडी घेऊन येऊ का, असं विचारत होता.

"उद्या?" अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, मला ऐकू जाईल असा आवाज चढवून बोलले, "न्हाई रे. अळी हाय अजून. लई चिवट हाय. इतक्यात निघता येत न्हाई."