थोरली उठली की

तुम्हांला कधी कुत्र्यापुढे मान खाली घालावी लागली आहे का? माणसापुढे घातली असेल. ती थोड्या वेळानं वर करता येते, चार गोड शब्द बोलून सारवासारव करता येते. कुत्र्यापुढे सारवासारव चालत नाही. आमच्या अख्ख्या घराला ती घालावी लागली. ज्या बाईनं आम्हांला ती घालायला लावली, तिचा दोष त्यात सगळ्यांत मोठा होता, आणि तरी त्या घरात माझं तिच्याइतकं प्रेम कुणावर नव्हतं.

तिला आम्ही थोरली म्हणायचो. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि घराची सूत्रं तिच्याकडे कधी आली ते कुणालाच आठवत नाही. कुणाच्याही घरी गेली की ती आधी कुत्र्याची चौकशी करायची, मग सासूची. "कुत्रं खातंय का नीट? आन् म्हातारी?" कामशेतच्या एका तांदूळवाल्याकडे मुलगा बघायला गेली, तेव्हा चहा पिऊन गप्प परत आली आणि घरी म्हणाली, "नको तितं पोरगी द्यायला. तो पोरगा घरात आला की त्यांचं कुत्रं पलंगाखाली जातं." तेवढ्यावर स्थळ मोडलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, महिनाभर तिच्यावर फुगून होते. ते स्थळ मला आलेलं होतं, त्यामुळे मी तिची जन्माची ऋणी आहे.

माझ्या दादाची मुलगी चिऊ पाच वर्षांची आणि मुलगा शंभू दोनाचा झाला, तेव्हा दादानं कुत्रं आणायचं ठरवलं. मोबाइलवर त्यानं पुण्याचं एक केसाळ, पांढरं पिल्लू पसंतही केलं होतं. थोरलीनं फोटो लांब धरून पाहिला. "हे? हितल्या पावसात ह्याला वाळवायचं कुणी? तुझ्या बायकूनं का मी?"

ती आम्हांला घेऊन गेली लोहगडवाडीला. तिथं तिच्या भाचीची पिठलं-भाकरीची टपरी होती, आणि टपरीमागं एका कुत्रीनं पिल्लं घातलेली. थोरली त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिनं अचानक स्टीलचं ताट दगडावर आपटलं. पिल्लं उधळली. एक पिंपामागून भुंकत राहिलं, दोन दिसेनाशीच झाली. एक तांबूस पिल्लू मात्र पळता पळता थांबलं, वळलं आणि परत येऊन ताट हुंगायला लागलं.

"हीच," थोरली म्हणाली.

"अगं, पण मादी आहे," दादा म्हणाला.

"मग? तुझी आई कोण हुती?" मग तिनं समजावून सांगितलं. "पोरं घरात रोज काय तरी आपटत्यात. पळणारं कुत्रं पोरांना भिऊन ऱ्हातं, भुंकणारं अंगावर जातं. दचकून परत येणारं पायजे." चिऊनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, चिक्की. रंग अगदी गुळाच्या चिक्कीचा होता.

घरी आणल्यावर थोरलीनं कितीतरी दिवस चिक्कीला काहीच शिकवलं नाही. शिकवलं पोरांना. हात वरून न्यायचा नाही, खालून न्यायचा. जिन्याखालचं पोतं चिक्कीचं, त्यावर पाय ठेवायचा नाही. ती खात असताना तिच्याशी बोलायचंसुद्धा नाही. शंभूला हे तोंडानं कळेना, तेव्हा थोरली पदर खोचून चार पायांवर उभी राहिली. साठीची बाई! "वढ माझा कान. वढ, वढ. आता मी गुरगुरले तर काय करशील?" शंभू हसत सुटला, तिनं खरंच गुरगुर केली, तो रडला, आणि पुन्हा त्यानं चिक्कीचा कान ओढला नाही.

मोठ्यांनाही तिनं सोडलं नाही. वहिनी "सिट" म्हणायची, दादा "ए बस गं", आणि अण्णा, जन्मभर पत्रकं लिहिलेला माणूस, म्हणायचे, "चिक्की, कृपया बाजूला हो."

"भाऊजी, ती तुमच्या सभेला आली न्हाई," थोरली म्हणाली. "समद्यांनी एकच शब्द म्हणायचा. बस म्हंजे बस."

वर्षभरात चिक्की अशी झाली की वाट चुकलेले ट्रेकर दारात आले, कुरिअरवाला आला, दूधवाला आला, तरी ती नुसती शेपटी हलवायची. गावात थोरलीचं नाव झालं. तीही जरा जास्तच ताठ चालायला लागली. लोणावळ्याच्या बंगलेवाल्या बायका तिला सल्ला विचारायला गाडी पाठवायच्या, आणि ती मुद्दाम एसटीनं जायची.

फक्त एका माणसावर चिक्की भुंकायची. सदाभाऊंवर.

सदाभाऊ ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतले. लोणावळा स्टेशनवर तिकीट खिडकीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. अण्णांचे जिवलग मित्र. त्या दोघांनी मिळून तीसेक वर्षं पत्रकं काढली: जमिनीच्या दलालांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यासाठी, समतेसाठी. मला अक्षरओळख शाळेनं करून दिली, पण वाचायला मी त्या पत्रकांवर शिकले. शाई बोटांना लागायची. दोघं आमच्या ओट्यावर बसायचे, सदाभाऊ मोठ्यानं वाचायचे, अण्णा शब्द बदलायचे. सगळ्या मावळात आमच्या ओट्याइतकी मोकळी जागा दुसरी नाही, असं मला वाटायचं. मी तसं एका लेखात लिहिलंही होतं.

नंतर कळलं की चिक्की त्यांच्या सुनेवरही भुंकते. प्रज्ञाताई अंगणवाडी चालवायची, चिऊ तिच्याकडेच जायची. आणि एक दिवस चिक्कीनं सदाभाऊंची पँट पकडून फाडली.

"जुनीच हुती," ते हसून म्हणाले. "पण मी येतो तवा तिला बांधत जा."

दादाचं डोकं फिरलं. "लोणावळ्याच्या बाजारात सोडून येतो हिला. टुरिस्ट घालतील खायला." चिऊनं चिक्कीच्या गळ्याला मिठी मारली आणि सोडेचना.

"सोडायची न्हाई आन् बांधायचीबी न्हाई," थोरली म्हणाली. "बांधलेलं कुत्रं चिडकं हुतं, आन् चिडकं कुत्रं पोरांत ठिवायचं नसतं. ती कशाला भुंकते ते मला हुडकू द्या."

तिनं हुडकायला सुरुवात केली. सदाभाऊंना काठी न घेता यायला सांगितलं. चिक्की भुंकली. चपला ओढ्यात धुऊन यायला सांगितलं. भुंकली. शेवटी थोरलीनं ठरवलं की त्यांच्या घरात मांजर असणार, त्याचा वास येत असणार, आणि मला विचारायला पाठवलं.

"मांजर नाही आमच्याकडे," प्रज्ञाताई म्हणाली. "का गं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही अजून मांजरच शोधताय?"

घरी येऊन मी एवढंच सांगितलं, की मांजर नाही.

मग एका दुपारी थोरली पुढच्या खोलीत तांदूळ पाखडत बसली होती, चिक्की तिच्या पायाशी, मी समोर. दारातून बोळातले सदाभाऊ दिसले. थोरलीनं सूप खाली ठेवलं आणि ती उठायला लागली. चिक्कीचे कान उभे राहिले. थोरली गुडघ्यावर आली, चिक्की गुरगुरली. थोरली थांबली. परत खाली बसली. चिक्कीही बसली. थोरली पुन्हा अर्धी उठली, चिक्की पुन्हा गुरगुरली. थोरली बसली ती बसलीच.

"ती न्हाई गं," ती मला म्हणाली. "मी."

"तू काय?"

"मी उठते."

मला कळायला वेळ लागला. दारात दुसरं कुणीही आलं की थोरली बसल्या जागेवरून हाक मारायची, "ये की रे, ये आत." सदाभाऊ आले, प्रज्ञाताई आली, की ती उठायची, दारात जाऊन चौकटीला हात लावून उभी राहायची आणि फार गोड बोलायची. "बसा भाऊ, च्या आणते." सदाभाऊ ओट्यावर बसायचे. अण्णाही त्यांच्याबरोबर बाहेर बसायचे, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आत येऊ नका असं आमच्या घरात त्यांना कधी कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. मालकीण दार अडवायला उठते, एवढं कुत्रीला दिसत होतं. तिला आमची पत्रकं वाचता येत नव्हती, त्यामुळे तिला जे दिसलं ते तिनं खरं मानलं.

त्या दुपारी थोरली उठली नाही. तिनं बसूनच हाक मारली, "या भाऊ." चिक्कीची शेपटी जमिनीवर हलली. भुंकणं नाही, काही नाही. सदाभाऊ सवयीनं ओट्यावर अण्णांशेजारी टेकले.

तेवढ्यात कोपऱ्यात खेळणारी चिऊ उठली, स्वयंपाकघरात गेली, खिडकीच्या कठड्यावरचा एक पोचा आलेला स्टीलचा ग्लास घेतला आणि वहिनीच्या हातात दिला. "सदाआजोबा आलेत. त्यांचा."

फडताळात ग्लासांची रांग होती. हा एक कठड्यावर असायचा. चिऊला हे कुणीही शिकवलं नव्हतं.

थोरली बाहेर गेली. दारात थांबली नाही, सरळ ओट्यावर गेली. "भाऊ, आत चला."

अण्णांनी चष्मा काढला. सदाभाऊंनी आधी चिक्कीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "कशाला, वहिनी?"

"बसाया."

"कुत्रं भुकू नये म्हणून?"

थोरलीची नजर चिक्कीकडे गेली.

"ह्या ओट्यावर बसून आमी दोघांनी समतेवर इतका कागद काळा केला," सदाभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तवा न्हाई कुणी म्हणालं आत चला. आता कुत्र्याच्या शिकवणीसाठी येऊ व्हय? हितंच बराय मी. हवा लागती."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. अण्णांच्या मांडीवर नव्या पत्रकाचा मजकूर होता, मुद्रितं मी तपासलेली. आमच्या घरातली समता ओट्यापर्यंतच छापलेली होती. आत एकही प्रत गेली नव्हती.

थोरलीनं तो ग्लास फडताळात इतर ग्लासांत मिसळून टाकला. काही दिवसांनी सदाभाऊ आले, आणि चिऊनं रांगेतून नेमका तोच उचलून आणला. पोचा ओळखला असणार. थोरली भिंतीला टेकून खाली बसली. "कुत्री एका दुपारी सुधारली," ती म्हणाली. "ह्या पोरीचं काय करू?"

दुसऱ्या सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, चिऊचा हात धरला, चिक्कीला मोकळंच बरोबर घेतलं आणि मला म्हणाली, "चल." आम्ही ओढा ओलांडला. सदाभाऊंच्या घरात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारापाशी ती थबकली. जगाला हाका मारून आत बोलावणाऱ्या बाईला बाहेर कसं उभं राहायचं ते माहीत नव्हतं. तिनं पदर सारखा केला, परत सारखा केला.

प्रज्ञाताई आत भाजी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं, उठली नाही, बसूनच म्हणाली, "या ना. आत या." इतक्या सहज म्हणाली की मला रडू आलं.

चिक्की आधी आत गेली. थोरली जमिनीवर बसली आणि तिनं पाणी मागितलं. प्यायली. "अजून दे," म्हणाली. सदाभाऊ खुर्चीत पेपर धरून होते.

"भाऊ, मी काय सांगाया आले न्हाई," थोरली म्हणाली. "बसाया आले."

"बसा की." त्यांनी पेपर खाली केला. "कुत्री गप हाय आज."

"तिला हितं कुणी अडवलं न्हाई ना."

त्यानंतर दर आठवड्याला थोरली चिऊला घेऊन तिथं जायची. क्षमा मागायला जाते असं ती कधी म्हणाली नाही. "पोरीला सवय लावते," म्हणायची, चिक्कीच्या वेळी म्हणायची तशाच सुरात. चिऊ तिथं जेवायला लागली, झोपायला लागली, प्रज्ञाताईच्या घरातला ग्लास-तांब्या कुठं असतो ते तिला कळलं. एकदा चिऊ मला म्हणाली, "त्यांच्याकडे सगळ्यांचे ग्लास एकाच ठिकाणी असतात."

सदाभाऊ आमच्या ओट्यावर येत राहिले. अण्णांनी त्यांना नंतर कितीदा तरी आत बोलावलं. ते हात हलवून नको म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात थोरली गेली, तिच्या हृदयानं दगा दिला. सदाभाऊ अंगणात उभे होते, स्मशानापर्यंत चालत आले, आणि आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. शेवट गोड झाला असं लिहायचा मोह मला होतो. मी तो लिहिणार नाही. तो हक्क त्यांचा आहे आणि त्यांनी तो वापरला.

तुमच्याही ओट्यावर, जिन्यावर, गेटापाशी कुणीतरी वर्षानुवर्षं बाहेरच बसत असेल. त्यांना आत बोलवायची घाई करू नका. ते बोलावणं फार उशिरा आलेलं आहे, हे त्यांना कळतं. या रविवारी तुम्ही त्यांच्या घरी जा. मुलांना बरोबर न्या. दारात थांबा, आत या म्हणाले तर जा, खाली बसा आणि पाणी मागा.