नेलपॉलिशचे दोन ठिपके

कार्ले फाट्याजवळ, जुन्या महामार्गाला लागून ताजुद्दीन मिस्त्रींचं गॅरेज आहे. पाटी कधीच नव्हती, आणि गिऱ्हाईक कधी चुकलं नाही. मी देहूरोडच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून सकाळी दहाला तिथल्या एका काढून ठेवलेल्या सीटवर जाऊन बसतो. काम मला कुणी सांगत नाही. पण हात लावल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना रोग.

ताजुभाई सत्तरीला आलेत. एकच्या ठोक्याला भुशाने हात चोळून धुणार, भाकरी आणि लसणाची चटणी खाणार आणि पुन्हा गाडीखाली जाणार. रागावले तर बोलायचं थांबवतात. डेपोत साहेबांच्या शिव्या खाऊन माझी कातडी जाड झाली होती, तरी त्यांच्या गप्प बसण्याला मी भितो.

त्यांचा एक नियम पंचक्रोशीत चेष्टेचा विषय होता. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण. ते दाबून धरणारे बोल्ट कसताना थोडे ताणले जातात आणि त्या ताणावरच झाकण घट्ट बसतं. पण दर वेळी बोल्टाचा जीव थोडा कमी होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, नवेच लावा. बाकीचे मिस्त्री जुनेच पुसून लावतात. ताजुभाईंनी आपला वेगळा हिशोब बसवला होता. बोल्ट एकदा कसला की डोक्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका, दुसऱ्यांदा कसला की दुसरा. दोन ठिपक्यांचा बोल्ट भंगारात, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बाटली त्यांच्या लेकीची, रुखसारची. तिचं लग्न होऊन ती सासरी गेली आणि बाटली पान्यांच्या खोक्यात राहिली. मीही त्यावरून त्यांना पुष्कळ छेडलं आहे.

दिवाळीनंतर गेणूची जीप आली. गेणू लोहगडवाडीचा. सकाळी वाडीतली शाळेची पोरं खाली आणायची, मग बाया आणि त्यांचं स्टॉलचं सामान वर न्यायचं, रविवारी ट्रेकवाले. त्याची बायको शालूबाई किल्ल्याखाली पिठलं-भाकरीचा स्टॉल लावते. जीप वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी कामशेतच्या कुणाकडून घेतलेली. हेडखालची पट्टी, गॅसकेट, गेलं होतं. ताजुभाईंनी हेड उतरवलं, बोल्ट डब्यात टाकले आणि घासून सपाट करायला हेड घेऊन लोणावळ्याला गेले.

मी एकटा होतो. डब्यातले काळे, तेलकट बोल्ट बघून मला डेपो आठवला. तिथे प्रत्येक नग लखलखीत करून मांडायची सवय. मी एकेक बोल्ट मशीनच्या तारेच्या ब्रशवर धरला. डोक्यावरून काहीतरी लालसर उडालं. मला वाटलं, गंज. सगळे बोल्ट चांदीसारखे करून कागदावर ओळीने मांडले आणि स्वतःवरच खूश झालो.

दुपारी ताजुभाई परत आले. डावा डोळा आधीच अधू, उजव्यात मोतीबिंदू पिकला होता, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. एक बोल्ट उचलून ते उजेडाकडे वळले.

"हनुमंतराव, हे इंजिन पहिल्या मालकाच्या वक्ताला माझ्या हातून गेल्यावानी वाटतंय. मला दिसत न्हाई. ठिपके किती हायेत, बघा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ब्रशवरून उडालेला तो गंज नव्हता. पण गेणू दारात उभा होता, जीप चार दिवस बसून होती, नवे बोल्ट पुण्याहून यायला आणखी चार दिवस लागले असते. आणि इतक्या वर्षांनी ताजुभाई माझ्याशी बोलायचे थांबले असते. खरं कारण तेवढंच.

मी म्हणालो, "एकही नाही."

डोळ्यांसमोर तर एकही नव्हता. खोटं बोललो नाही, असं मी मनाला बजावलं.

त्यांनी बोल्ट तेलात बुडवून बसवले. मधून बाहेर, तीन टप्प्यांत पाना फिरवला. शेवटच्या टप्प्याला हात थांबला. हा बोल्ट मऊ फिरतोय, ताण धरत नाही, म्हणाले, आणि मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा होता. त्यांनी पाना पुढे फिरवला.

पुढच्या आठवड्यात ते ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले. मी सवयीने बंद शटरपाशी बसत होतो. तिसऱ्या दिवशी गेणू जाता जाता थांबला. रोज एक बाटली पाणी घालावं लागतंय, म्हणाला, आणि सकाळी गार इंजिनावरच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक लागतोय. गळती कुठे दिसत नव्हती.

मला अर्थ कळला. हेड उचललं जात होतं आणि आतला दाब पाण्यात घुसत होता. पाणी उडून वाडीच्या चढावर इंजिन तापून बंद पडलं तर काय, तेही ठाऊक होतं. त्या जीपच्या ब्रेकला जोर इंजिनाकडूनच मिळतो. इंजिन गेलं की पेडल लाकडासारखं होतं. मी गेणूला म्हणालो, ताजुभाई आले की दाखव. दिवसा लोहगडाकडे बघायचं मी सोडून दिलं. जेवण जाईना. पोरांनी भरलेली जीप समोरून जाताना दिसली की मोजत बसायचो, सगळी आहेत ना.

आठव्या दिवशी डोळ्यावर हिरवा गॉगल लावून ताजुभाई शटर उघडायला आले. त्यांनी चहा मागवला. मी त्यांना पाण्याची बाटली आणि कडक पाइप सांगितला. चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "ठिपके खरंच नव्हते?"

"मी ब्रश मारला होता," मी म्हणालो. "लाल काहीतरी उडालं."

ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी आत्ता कुटं आसंल?"

अकरा वाजले होते, बायांच्या खेपेची वेळ. गेणूचा फोन लागेना. रिक्षा करून निघालो. शेवटच्या दोन वळणांच्या आधी लोक दिसले, मग वाफ.

इंजिन चढावर बंद पडलं होतं. जीप मागे घसरली आणि गेणूने कशीबशी डोंगराच्या बाजूला वळवली. बाया वाचल्या. पण अशा वेळी मागच्या दाराशी बसलेल्याने उडी मारून चाकाखाली दगड लावायचा, हा त्या रस्त्याचा रिवाज. मागे शालूबाई बसली होती. तिने दगड लावला. जीप थांबली, पण तिचा उजवा हात दगडाबरोबर चाकाखाली राहिला. तिला खाली नेलं होतं. रस्त्यावर कांद्याचं पोतं फुटून पडलं होतं.

गेणूच्या भावाने ताजुभाईंची कॉलर धरली. मी पुढे झालो नाही.

"बोल्ट मी कसलं," ताजुभाई म्हणाले. "डोळ्याला दिसत नसताना कसलं. माझी चूक हाय."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शालूबाईची चार बोटं गेली. वाडीतली एकही गाडी आता त्या गॅरेजला येत नाही. ताजुभाई शटर मात्र दहाला उघडतात, एकला भाकरी खातात. मीही जाऊन बसतो. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

परवा मी स्टॉलवर गेलो होतो, ब्रशचं सांगायचंच असं ठरवून. भाकरी आता तिची सून थापते. शालूबाईने डाव्या हाताने चहा पुढे केला, थोडा बशीत सांडला. म्हणाली, "भाऊ, तुमी तरी त्या आंधळ्याच्या संगतीला ऱ्हाऊ नगा."

मी बशीतला चहासुद्धा प्यायलो आणि खाली उतरलो.