सुईवर तोललेले पंख

आमच्या घरात मोडकं काही फेकत नसत. नवं आणायची ऐपतच नव्हती. त्याच सवयीनं मी कॉलेजच्या, रिमोटवर उडणाऱ्या वीतभर हेलिकॉप्टरचा तुटलेला पंख गम लावून जोडला. मग ते उडताच थरथरून कोसळायचं. आणि उद्या शेवटचं प्रॅक्टिकल!

धाराशिवच्या स्टँडजवळ एक म्हातारे घड्याळजी बसत. मी हेलिकॉप्टर त्यांच्याकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पंखांची जोडी सुईवर तोलली. जोडलेली बाजू झुकली.

"गम लई थापलाय, इंजिनेरसाहेब!"

"खरवडू का, चाचा?"

"न्हाय, तुटंल. हलक्या बाजूला वजन द्या."

चिकटपट्टीचा कण ते लावत, काढत, कातरत, पुन्हा लावत राहिले. चहा निवला, मान वर नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहिलं. मी पास झालो, घरातला पहिला पदवीधर.