चार बोटं बर्फ

लेक कॉलेजसाठी पुण्याला गेली, पाठोपाठ तिची आईही तिच्यासोबत राहायला गेली, आणि ओमानातल्या अल अमेरातच्या घरात उरलो आम्ही तिघं: मी, एक म्हातारी कुत्री आणि तिचा पोरगा. घरामागच्या वादीतून, म्हणजे कोरड्या ओढ्यातून, पिल्लू उचलून आणलं होतं लेकीनेच. त्याची आई मागोमाग चालत आली. घ्या, एकावर एक फुकट! महिनाभर मी नुसतं ‘हाड हाड’ केलं. पण थंडी पडली की दर शुक्रवारी त्यांना डोंगरावर न्यायला लागलो तोही मीच.

लेक गेली त्याच आठवड्यात तिने फोनवरून त्याला हाक मारली, “यू यू यू!” दिवसभर इंग्रजी बडबडणारी पोर, पण कुत्र्याला हाक मारणार ती माझ्या राजापूरकडची. त्याने पलंगाखाली, कपाटामागे, गच्चीवर सगळीकडे तिला शोधलं आणि दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मी सांगितलं तर रडली. “बाबा, माझा आवाज परत त्याला ऐकवायचा नाही. प्रॉमिस?” मी प्रॉमिस दिलं. तेव्हापासून तिचा फोन आला की मी बाहेर जाऊन बोलायचो.

असं वर्ष गेलं. सुट्टीत येणार होती, पण कधी परीक्षा, कधी इंटर्नशिप. विचारायची मात्र दर वेळी, “तो विसरला का मला?” मी म्हणायचो, “हो गं, केव्हाच.” तिच्या जिवाला घोर नको म्हणून. माझ्या जिवाचं कोण विचारतंय!

या जानेवारीत जबल शम्सच्या डोंगरावर बर्फ पडला. ओमानात बर्फ! मी बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला. लावणीच्या चिखलासारखे यातही पाय रुतणार, असा आपला माझा कोकणी अंदाज. म्हणून फळांच्या खोक्याच्या फळ्या बरोबर घेतल्या आणि वर पोचल्यावर सुतळीने बुटांखाली बांधल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, तिघांनाही सुखरूप खाली आण.” ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सोबत कोणी नाही, तेही मीच म्हणालो.

पाय टाकला, तर बर्फ जेमतेम चार बोटं! खाली नुसता दगड. फळ्या फटाक फटाक वाजायला लागल्या. शेळ्या राखणारा एक म्हातारा ओमानी हसून हसून खाली बसला. दोन्ही कुत्री तर येडीच झाली. लोळतायत काय, बर्फ चावतायत काय. इतकं सुंदर होतं ते, की एकट्याने बघवेना. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. “बघ, बघ गं!”

प्रॉमिस मी विसरलो, तीही विसरली. ओरडली, “यू यू यू!”

कुत्र्याचे कान ताठ झाले. एकदा फोनकडे बघितलं, आणि जो उतारावरून सुटला! म्हातारी माझ्या पायाशी बसून राहिली. गारठलेल्या बोटांनी सुतळी सुटेना. तसाच धावलो, दोनदा उपडा पडलो. खिशातून लेकीचं “बाबा! बाबा!” चालूच.

खाली तो गाडीपाशी होता. मागच्या काचेवर पंजे टेकवून आत बघत होता. मी दार उघडलं. आत चढला, लेक बसायची ती सीट हुंगली आणि तिथेच बसला. ओढलं तरी उतरेना.

“मिळाला?”

“मिळाला. गाडीत तुला शोधतोय.”

ती मग अडखळत म्हणाली, “तू बोललेलास, तो विसरला.”

“खोटं बोललो, पोरी. तो विसरला नाही, मीही नाही. करमत नाही गं इथे. परीक्षा-बिरीक्षा राहू दे, चार दिवस तरी ये.”

“बाबा,” म्हणाली, “फोन त्याच्या कानाला लाव.”