पाणी न घेणारा माणूस

भाजे गावातली ती दुपार अजून मनातून जात नाही. लढाईचे दिवस होते. मावळात घरफोड्या वाढल्या होत्या आणि ठाण्यात माणसं कमी, म्हणून गावकऱ्यांनी आपापली गस्त उभी केली होती. भाज्याच्या गस्तीचा म्होरक्या एक उंचापुरा शेतकरी. सगळे त्याला भाऊ म्हणत.

त्याचाच माणूस धापा टाकत लोणावळ्याच्या ठाण्यात आला. “सायेब, चोर घावलाय!”

स्टेशन डायरीत नोंद करून मी सायकलीवर निघालो. चावडीच्या खांबाला एक परका माणूस बांधलेला होता. ओठ फुटलेला. पुढ्यात पाण्याचा तांब्या, भरलेला.

“रामराम घातला तर त्वांड फिरवलं,” भाऊ म्हणाला. “वर इचारतो, त्या मुसलमानाच्या घरात कुनी बाप्या हाय का? चोराबिगर असं कोन इचारतंय?”

“आणि हे पाणी?”

“आमीच ठिवलं. मारलं म्हनून काय तान्हेला ठिवायचा? पन शिवला न्हाई.”

रामराम नाही, पाणी नाही. मी चपापलो. सगळ्यांना लांब उभं केलं, त्याचे हात सोडले आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

तो ढसाढसा रडला. त्या घरच्या सुनेची आई लोणावळ्यात सकाळी वारली होती. दिवस मावळायच्या आत दफन होतं. पोरीला एकटीला गाठून कसं सांगायचं, म्हणून तो घरातला बाप्या माणूस शोधत होता. चावडीवर बोललं तर गावभर होऊन तिच्या कानावर जाईल, म्हणून मार खाऊनही त्यानं सांगितलं नव्हतं. मयताचा निरोप पोचेपर्यंत आमच्याकडे कोणी रामराम घेत नाही, पाणीही घेत नाही. गस्तीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. चोरांच्या धाकात कोणालाच आठवलं नाही.

मी भाऊला जवळ बोलावून सांगितलं. तो न विचारता माझी सरकारी सायकल घेऊन निघाला. “मी माती थांबिवतो, तुमी पोरीला आना!”

आम्ही बैलगाडीनं पोचलो तेव्हा भाऊ मयताच्या घराच्या उंबऱ्याशी हात जोडून बसला होता. “मला मारा, पन तिला येऊ द्या,” म्हणत होता. मुलीनं आईचं तोंड पाहिलं.

निरोप्याला मी मारहाणीच्या फिर्यादीचं विचारलं. “आधी पाणी द्या, सायेब,” तो म्हणाला. तांब्या भाऊनं पुढे केला.

पुढे प्रत्येक गस्तीला मी एकच सांगत आलो: परक्यावर नजर ठेवा, ठाण्याला कळवा, हात लावू नका. सगळ्यांत मोठ्यानं ते भाऊच सांगायचा.

गेल्या महिन्यात भाज्याहून भाऊच्या घरचा एक माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी पाणी पुढे केलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.  मी वहाणा पायांत घातल्या.