चार मीटर सॅटिन आणि तीस पावलं

"चार मीटर," सुषमाकाकू म्हणाल्या. "एक इंचही कमी नको."

मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या मुलीच्या, ईशाच्या, पायाशी बसले होते. तोंडात टाचण्या असल्या की उलट उत्तर देता येत नाही. आमच्या धंद्यात टाचण्यांचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

मी ऑकलंडला, बॉटनी डाउन्समधल्या एका ऑल्टरेशनच्या दुकानात काम करते. पुण्याहून इथे फॅशन डिझाइन शिकायला आले होते. घरच्यांना अजून वाटतं की मी मोठी डिझायनर आहे. प्रत्यक्षात मी वर्षभर पँटच्या चेन बदलते आणि लग्नाच्या सीझनमध्ये नवऱ्या मुलींचे गाऊन मापाला आणते.

गोष्ट २०१८ची. मे महिन्यात लंडनला राजघराण्यातलं लग्न झालं आणि आपणही राजघराण्यातल्याच आहोत, हे पूर्व ऑकलंडमधल्या समस्त बायकांना एकाएकी आठवलं. जिला तिला ट्रेन हवी. ट्रेन म्हणजे गाऊनचा मागे जमिनीवर लोळणारा भाग. टीव्हीवर तो फार सुंदर दिसतो, कारण तिथे तो उचलायला माणसं ठेवलेली असतात. इथे नवरी स्वतः गाडी चालवत येते आणि करवल्या फोटो झाले रे झाले की जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडतात.

मी टाचण्या काढल्या. "काकू, सात वर्षांपूर्वी जी शाही सून आली ना, तिचीसुद्धा तीन मीटरच्या आत होती."

"मग आपली जास्त!"

"आणि एक्याऐंशी सालच्या राजवधूची पंचवीस फूट होती. बग्गीत मावेना. उतरली तेव्हा सगळी चुरगळलेली."

"आपण कुठे बग्गी आणतोय? आपली सेव्हन-सीटर आहे."

मी टाचण्या परत तोंडात धरल्या.

"मम, आय डोन्ट वॉन्ट अ टेल," ईशा म्हणाली. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"शेपूट नाही गं. ट्रेन."

माझी बॉस लिनेट काउंटरवरून ओरडली, "चार मीटर? स्वीट ॲज! फेसबुक पेजवर टाकायला ढीगभर फोटो मिळतील!" शिवायचं तिला नव्हतं, त्यामुळे उत्साह दांडगा होता.

पुढचे तीन आठवडे मी ते सॅटिन शिवत होते. आमच्या शिवणाच्या टेबलाला बिचाऱ्याला इतकी लांबी माहीत नव्हती. चहाच्या सुट्टीत मी सुषमाकाकूंची नक्कल करायचे आणि दुकानातल्या सगळ्या हसायच्या. त्या राहायला हिल्सबरोला, म्हणून हिल्सबरोच्या महाराणी असं मी त्यांचं नाव ठेवलं होतं.

दुसऱ्या ट्रायलला आम्ही नवरीला लग्नातले बूट घालून बोलावतो आणि तिच्याबरोबर जो चालणार असेल त्यालाही. ईशा वडिलांना घेऊन आली. दिलीपकाका इंजिनिअर, एकेकाळी डोंगर चढणारा माणूस. दीड वर्षापूर्वी त्यांना स्ट्रोक आला. उजव्या हातात चार पायांची काठी होती, डावा पाय घासत पुढे येत होता. ईशा डाव्या बाजूला दंड धरून उभी राहिली.

"तीस पावलं आहेत," काका मला म्हणाले. "लॉनच्या फाटकापासून कमानीपर्यंत. सहा महिने फिजिओकडे तेवढाच अभ्यास चाललाय. दहावीलासुद्धा एवढा केला नव्हता."

लग्नात ईशाचा हट्ट एकच होता. शेजारी बाबा हवेत, चालत हवेत.

दुकानाच्या मधल्या वाटेने दोघं निघाली. पाचव्या पावलाला ईशा अर्धं पाऊल पुढे गेली, ट्रेनची कड सरकली आणि काकांचा घासत येणारा पाय बरोबर त्या कापडावर पडला. कमरेवरची कच्ची शिलाई टर्रकन उसवली. काका तिरके झाले. लिनेटने एकीकडून आणि मी दुसरीकडून धरलं म्हणून वाचले.

त्यांना खुर्चीत बसवलं. थोडा वेळ त्यांनी काठीकडे पाहिलं.

"हे बघ ईशू," ते म्हणाले, "मी आपला पहिल्या रांगेत बसतो. तिथूनही दिसतं की."

"नो, बाबा. नो वे." ईशा माझ्याकडे वळली. "कट इट ऑफ. प्लीज."

"कापायची नाही," सुषमाकाकू म्हणाल्या.

माझा पारा चढला. "काकू, लग्नात नवरीचे वडील हवेत की सॅटिन? एकदा ठरवा."

गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं. लिनेटला मराठी येत नाही, म्हणून नोकरी टिकली. काकूंनी माझं मनगट धरलं आणि मला मागे, वाफेच्या इस्त्रीपाशी नेलं.

"तुला काय वाटतं, मला राणी व्हायचंय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अगं, दीडशे माणसं बसणार आहेत. पुण्याला व्हिडिओ लाइव्ह जाणार आहे. सगळे ह्यांच्या पायाकडे बघतील आणि च्च च्च करतील. ह्यांना ते सहन होत नाही गं. मागे चार मीटर पांढरं कापड असलं तर लोक तिकडे तरी बघतील."

मला इतकी लाज वाटली की इस्त्री उगाचच बंद करून परत चालू केली. तीन आठवडे मी या बाईची नक्कल करून चहा प्यायले होते.

"काकू," मी म्हटलं, "त्यांना सगळ्यात अवघड काय जातं? चालणं?"

"नाही. शेवटी वळून खुर्चीत बसणं. मागे हात नेऊन चाचपावं लागतं ना."

मग मला सुचलं. लांब ट्रेन आतून रिबिनींनी उचलून बांधता येते. घड्या पडून ती मागे कमरेखाली चढते, आपल्या काष्ट्याच्या गोऱ्या मावसबहिणीसारखी. एरवी समारंभ झाला की बांधतात, म्हणजे नाचता येतं. मी उलट करायचं ठरवलं. आधी बांधलेली, नंतर सोडायची. तीस पावलं पायाखाली काही नाही. काका कमानीपाशी पोचून बसायला वळले की ईशाने रिबिनीचं टोक ओढायचं, ट्रेन उलगडेल, सगळ्यांच्या माना तिकडे वळतील आणि काका निवांत बसतील.

गाठ कुठली, तर परकराच्या नाडीची. फॅशन डिझाइनच्या पदवीत ती शिकवत नाहीत. तिची एकच खोड. चुकीचं टोक ओढलं की निरगाठ बसते. म्हणून योग्य टोकाला मी लाल दोरा शिवला आणि ईशाकडून वीस वेळा ओढून घेतलं.

नोव्हेंबरात लग्न झालं. ट्रेनवर लक्ष ठेवायला मी कमानीपाशी होते, सुईदोरा घेऊन. दोघं निघाली. मी पावलं मोजत होते. एकोणिसाव्याला काका थांबले. ईशाही थांबली. दीडशे माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग विसावं पडलं.

तिसाव्या पावलाला काका कमानीपाशी होते. ते वळायला लागले, ईशाने लाल दोऱ्याचं टोक ओढलं आणि मला सॅटिनची सळसळ ऐकू आली. नाडी दगा देत नाही. काकांचा हात मागे गेला, खुर्चीचा दांडा एकदा चुकला, मग सापडला. ते बसले. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात फोटो आले. लिनेटने सगळे दोनदा पाहिले. "मेधा, माझी ट्रेन कुठेय?" सगळ्या फोटोंत काका होते. ट्रेन एकाच फोटोत सापडली. तिच्यावर कुणाचा तरी दोन वर्षांचा नातू बसून चिप्स खात होता. फेसबुक पेजवर शेवटी पडद्यांची जाहिरात गेली.

संध्याकाळी सुषमाकाकूंचा फोन आला. पुण्याहून एकूण एक नातेवाईक कळवत होता, दिलीप किती छान चालला. च्च च्च कुणी केलं नव्हतं.

"बरं, ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "ट्रेन कशी उलगडली गं? चांगली पसरली ना?"

"काकू, खरं सांगू? मी पाहिलीच नाही. मी काकांकडे बघत होते."



"मीपण," त्या म्हणाल्या.

आता कुणी लांब ट्रेन मागितली की मी टाचण्या तोंडात धरायच्या आधी एकच विचारते, शेजारून कोण चालणार आहे? मीटरचं आपण नंतर बघू.