सोळाची अखंड पट्टी

आम्ही नवराबायकोने एकाच बनावटीचे दोन लॅपटॉप घेतले. दुकानदाराकडे सोळा जीबी रॅमची अखंड पट्टी एकच उरली होती. ती त्याने मानाने बायकोच्या लॅपटॉपमध्ये बसवली. माझ्यात आठ-आठच्या दोन घालून बेरीज जुळवली. वाटणीत तुकडे आल्यासारखं तोंड करून मी केडगावच्या घरी आलो.

बायको व्हिडिओ एडिटिंग करते. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे कर्जतकडच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची फिल्म. ती संध्याकाळी तिकडे मोठ्या पडद्यावर दाखवायची होती आणि दुपारीच पुढाऱ्याचा मेहुणा जीप घेऊन आमच्या दारात हजर. फिल्ममध्ये साहेब उसातून स्लो मोशनमध्ये, उपरणं उडवत येत होते. मुळात संथ, त्यात बायकोचा लॅपटॉप अडखळायचा. साहेबांनी पाय उचलला तेव्हा चहा ठेवला होता. कप विसळले तरी पाय हवेतच.

"वहिनी, साहेब येत्यात का न्हाई?" मेहुण्याने विचारलं.

"येतील, भाऊ."

"आमच्याकडं टँकर याच्या आधी येतो."

मला हसू आवरेना. बायकोने माझ्याकडे न बघता माझा लॅपटॉप ओढला आणि फिल्मची हार्ड डिस्क त्याला जोडली. साहेब होडी सरकावी तसे उसाबाहेर आले.

"ह्यात असं काय हाय?" मेहुणा म्हणाला.

"तुकडे," मी म्हणालो.

बायकोने तेवढ्यात नेटवर शोधलंच. एका पट्टीला एकच वाट. दोन असल्या की माहिती दोन्ही वाटांनी एकदम येते. आमच्या लॅपटॉपांत चित्रासाठी वेगळी मेमरी नाही, तेही याच रॅममधून चालतं. म्हणून बेरीज सारखी असूनही तिची फिल्म अडत होती.

"म्हंजे पंगत मोठी आन् वाढपी एकच," मेहुणा म्हणाला. "मग त्यो मानाचा असून काय उपेग?"

फिल्म वेळेत पूर्ण झाली आणि जीप धुरळा उडवत गेली. रात्री मेहुण्याचा फोन आला. साहेबांना स्वतःचं चालणं इतकं आवडलं, की त्यांनी फिल्म पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. भाषणाला वेळच उरला नाही.

बायको हसत हसत खाली बसली. कर्जत तालुक्याची इतकी मोठी सेवा आमच्या घरून प्रथमच घडली होती. माझा लॅपटॉप परत मागायची ती वेळ नव्हती.